मेंदूतील दाहाचा एमआरआय अहवाल कसा वाचावा

मेंदूतला दाह स्कॅनवर थेट दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या खुणा. म्हणून अहवाल हाती आल्यावर शेवटच्या निष्कर्षाकडे धाव न घेता आधी तंत्राचा परिच्छेद वाचावा आणि कोणत्या प्रकारच्या प्रतिमा घेतल्या व कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, काही भाग स्कॅनवर उजळवणारे द्रव्य) दिला होता का, हे पाहावे. तपासणीपूर्वी स्टेरॉइड सुरू झाले होते का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण स्टेरॉइडमुळे चट्ट्यांचे कॉन्ट्रास्ट घेणे, म्हणजे त्या द्रव्याने उजळणे, काही दिवसांतच ओसरू शकते.

फ्लेअर प्रतिमांमध्ये मेंदूभोवतालच्या द्रवाची चमक दाबलेली असते, त्यामुळे पांढरे चट्टे उठून दिसतात. मात्र चट्टा ताजा आहे की जुना, हे केवळ फ्लेअरवरून ठरत नाही, आणि वाढते वय, उच्च रक्तदाब किंवा अर्धशिशी यांतही असे ठिपके आढळतात. म्हणून संख्येपेक्षा जागेला महत्त्व द्यावे. व्हेंट्रिकलला (मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीला) चिकटून, कॉर्टेक्सलगत (मेंदूच्या बाहेरच्या थरालगत), मेंदूच्या देठात किंवा मज्जारज्जूत चट्टे असतील, तर मल्टिपल स्क्लेरोसिसची (प्रतिकारशक्ती चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते त्या आजाराची) शंका बळावते. टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या मेंदूभागाच्या) आतल्या बाजूला बदल दिसले, तर ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचा (प्रतिकारशक्तीनेच घडवलेल्या मेंदूदाहाचा) विचार होतो. पण तिथे हर्पिसचा संसर्ग आधी नाकारावा लागतो. उलट याच गटातल्या एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसमध्ये एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल येतो, तेव्हा नॉर्मल अहवालावर निर्धास्त होणे धोक्याचे.

चट्ट्याचा ताजेपणा कळतो तो गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्यामुळे. रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा फुटलेला असेल तिथेच हे द्रव्य झिरपते, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ही अवस्था सहसा काही आठवडेच टिकते. एकाच स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट घेणारे आणि न घेणारे असे दोन्ही प्रकारचे, वर सांगितलेल्या ठरावीक जागांवरचे चट्टे आढळले, तर 2017 च्या मॅकडोनाल्ड निकषांनुसार (या आजाराच्या निदानाच्या नियमांनुसार) आजार वेगवेगळ्या काळात घडल्याचा तो पुरावा मानला जातो. मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भधारणा असल्यास कॉन्ट्रास्टपूर्वीच सांगावे.

सर्वांत फसवे वाक्य म्हणजे ‘कॉन्ट्रास्ट घेणारा चट्टा नाही’. त्याचा अर्थ अडथळा सध्या फुटलेला दिसत नाही, एवढाच. अडथळ्याच्या आत मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशींचा दाह धुमसत असू शकतो. लोहाला संवेदनशील प्रतिमांवर काही जुन्या चट्ट्यांभोवती काळसर कडा दिसते, ती लोहाने भरलेल्या अशा पेशींची असते. पण या प्रतिमा घेतल्याच नसतील, तर कडेचा उल्लेखही नसणार. टीएसपीओ पेट स्कॅन (टीएसपीओ या प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी मार्गद्रव्य टोचून केलेला स्कॅन) या दाहाचा माग काढतो, तरी तो मुख्यत्वे संशोधनापुरता आहे. टीएसपीओ प्रथिन इतर पेशींतही असते आणि आरएस6971 या जनुकीय फरकामुळे काही व्यक्तींमध्ये दुसऱ्या पिढीची मार्गद्रव्ये त्याला कमी चिकटतात. व्यक्तीचा जनुकीय प्रकार न तपासता दोन व्यक्तींच्या पेट स्कॅनच्या आकड्यांची तुलना करू नये.

पुढच्या तपासणीला जुन्या फिल्मवर न थांबता मूळ प्रतिमांची सीडी न्यावी, आणि शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच जाडीच्या छेदांत (प्रतिमेच्या कापांत) स्कॅन करून घ्यावा. छेद जाड असतील तर लहान चट्टा दोन छेदांच्या मध्ये हरवतो, आणि पुढच्या वेळी तोच ‘नवीन’ म्हणून नोंदला जातो.