जुने रंगीत युद्धफोटो खरे की रंगवलेले? या चुका टाळा

पहिल्या महायुद्धाचा रंगीत फोटो दिसला की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो "काय भारी, शंभर वर्षांपूर्वीचा कलर फोटो!" आणि दुसरा म्हणतो "फेक आहे, तेव्हा कलर होतंच कुठे". दोघंही घाई करतात.

तेव्हा कलर होतं. ल्युमिएर बंधूंचं ऑटोक्रोम 1907 मध्येच बाजारात आलं होतं, काचेच्या प्लेटवर बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरवे आणि जांभळट रंगवलेले कण पसरायचे आणि त्यावर इमल्शन, म्हणजे प्रकाश पडल्यावर चित्र उमटणारा थर. फ्रेंच सैन्याच्या फोटो विभागातल्या पॉल कास्टेल्नो आणि फर्नांड क्युव्हिल यांनी 1917 मध्ये ऑटोक्रोमवर उद्ध्वस्त रॅन्सचे वगैरे फोटो काढलेत, जर्मनीकडून हान्स हिल्डेनब्रांड होता, आणि ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक हर्लीने पॅलेस्टाइनमध्ये पॅजेट प्लेट (काचेवरच्या रंगीत फोटोची दुसरी एक पद्धत) वापरल्या. त्यामुळे नुसतं साल बघून फेक म्हणू नका. पण अमेरिकन यादवी युद्धाचा (1861-65) रंगीत फोटो फिरत असेल तर तो एकतर हाताने रंगवलेला किंवा आत्ता कॉम्प्युटरवर केलेला, यात वाद नको.

दुसरी चूक म्हणजे फोटोत काय चाललंय ते न बघणं. ऑटोक्रोम भयंकर स्लो होतं, कडक उन्हातसुद्धा एक सेकंद किंवा जास्त एक्स्पोजर लागायचं, म्हणजे तेवढा वेळ प्लेटवर प्रकाश पडू द्यावा लागायचा. मग 1916 च्या फोटोत सैनिक खंदकातून उडी मारतोय, मागे तोफगोळा फुटतोय, आणि सगळं शार्प आणि रंगीत, हे कसं शक्य आहे? खऱ्या फोटोत पडकी घरं, उभ्या तोफा, बसलेले नाहीतर ताठ उभे राहिलेले सैनिक दिसतात आणि कोणी हललं असेल तर तिथे धूसर डाग. म्हणजे फोटो खरा पण पोज दिलेला, असं बऱ्याचदा असतं आणि लोक इथेच गोंधळतात. लेऑं गिंपेलने 1915 मध्ये पॅरिसच्या ग्रेनेटा रस्त्यावर लढाई-लढाई खेळणाऱ्या पोरांचे ऑटोक्रोम काढले, ते शंभर टक्के अस्सल आहेत, पण युद्धाचे नाहीत!

आता सगळ्यात मोठी चूक, रंग "नॅचरल" वाटतात म्हणून विश्वास ठेवणं. 1914 मध्ये युद्धाच्या सुरुवातीला फ्रेंच सैनिक लाल पँट घालायचे, तो प्रसिद्ध फिकट निळा युनिफॉर्म आघाडीवर सगळीकडे दिसायला लागला 1915 मध्ये. तेव्हाच्या बऱ्याच ब्लॅक अँड व्हाइट प्लेटना लाल रंग दिसायचाच नाही, तो जवळजवळ काळा उमटायचा, मग आजचं सॉफ्टवेअर ती गडद पँट बघून सरळ नेव्ही ब्लू नाहीतर काळी करून टाकतं. फ्रेंच सैनिकांचा ऑगस्ट 1914 चा फोटो आणि सगळ्यांच्या पँट निळ्या, तर रंग भरणाऱ्याने इतिहास बघितला नाही एवढं समजा. शिवाय कॉलरचा रंग मानेवर सांडलाय का, सगळ्यांची त्वचा एकाच शेडची आहे का, हेही बघा. उलट, हलणाऱ्या वस्तूच्या कडेला लाल-हिरव्या-निळ्या रेघा दिसल्या तर लगेच ग्लिच म्हणू नका. रशियाच्या प्रोकुदिन-गोर्स्कीने तीन रंगांचे फिल्टर लावून एकामागून एक तीन शॉट घेतले होते, ते एकावर एक ठेवले की रंगीत चित्र बनतं, 1915 चा त्याचा ऑस्ट्रियन युद्धकैद्यांचा फोटोही आहे, आणि मधल्या काळात कोणी हललं की अशा रेघा येणारच.

फॉरवर्ड होऊन आलेला फोटो झूम करून प्लेटवरचे रंगाचे दाणे शोधू नका, कॉम्प्रेशनमध्ये ते मरतात आणि उरतात ते चौकोनी ठोकळे. संग्रहालयाचा मोठा स्कॅन उघडा. ऑटोक्रोममध्ये वेडेवाकडे रंगीत ठिपके, मधेच पुंजके, तर पॅजेटमध्ये नीट चौकटींची जाळी. मुख्य म्हणजे तिथे चित्रच ठिपक्यांचं बनलेलं असतं, नकली ग्रेनमध्ये (नंतर टाकलेल्या दाण्यांमध्ये) शार्प चित्रावर ठिपके शिंपडलेले दिसतात. आणि अक्षरं उलटी दिसली म्हणून फेक ठरवू नका, काचेची प्लेट उलट्या बाजूने स्कॅन केली की असंच होतं.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न उलटा होतो. 1936 पासून 35 मिमी कोडाक्रोम आणि अ‍ॅग्फाकलर या दोन्ही कलर फिल्म मिळायच्या, त्यामुळे खरे कलर फोटो भरपूर आहेत, पण फेमस फोटो बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट. जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारताहेत तो जो रोझेन्थालचा फोटो (23 फेब्रुवारी 1945) मूळचा ब्लॅक अँड व्हाइटच, त्याचं रंगीत व्हर्जन नंतरचं. गंमत म्हणजे शेजारी उभ्या बिल जेनॉस्टने तोच क्षण रंगीत मूव्ही फिल्मवर टिपला होता, म्हणजे त्या फिल्ममधली फ्रेम असेल तर ती खरी.

म्हणून रिव्हर्स सर्चमध्ये (फोटो टाकून इंटरनेटवर त्याच्या कॉपी शोधताना) ब्लॅक अँड व्हाइट जुळा सापडला की केस क्लोज करू नका, रंगीत मूळावरूनही छपाईसाठी ब्लॅक अँड व्हाइट कॉपी काढायचे. संग्रहालयाच्या नोंदीत मूळ माध्यम काय लिहिलंय ते वाचा, ऑटोक्रोम, पॅजेट की साधी निगेटिव्ह. आणि खरी स्लाइडच (फिल्मचा पारदर्शक तुकडा) हातात असेल तर कडेला धरून तिरप्या उजेडात बघा, कोडाक्रोमच्या इमल्शनच्या बाजूला चित्राचा हलका उठाव दिसतो.