घर बदलताना मेकअप कसा पॅक करायचा: फुटू नये, वितळू नये, सांडू नये म्हणून

मेकअप पॅक करायला घेतला की बहुतेक जण ओठांचं एकीकडे, डोळ्यांचं एकीकडे असं वेगळं काढतात, म्हणजे रोजच्या वापरात जसं ठेवतो तसंच. शिफ्टिंगला ही विभागणी काही कामाची नाही. तिथे बघायचं ते हे की कोणती वस्तू कशाने खराब होते. पावडरला धक्का चालत नाही, लिपस्टिकला आणि क्रीमच्या डब्यांना उष्णता चालत नाही, बाटलीतलं फाउंडेशन आडवं झालं की गळतं, आणि नेलपॉलिश, परफ्युम, स्प्रे हे तर पेट घेणारं सामान आहे. एवढे चार ढीग डोक्यात पक्के असले की पुढचं सगळं सोपं होतं, कारण प्रत्येक ढिगाची पॅकिंगची पद्धत वेगळी आहे आणि काही ढीग तर ट्रकमध्ये द्यायचेच नाहीत.

आधी निवडानिवड, आणि ती घाईत नको

शिफ्टिंगच्या एक-दोन आठवडे आधी सगळा मेकअप एका जुन्या चादरीवर काढून ठेवा, ड्रॉवरमधला, पर्समधला, बाथरूममधला, सगळा. बहुतेक वस्तूंच्या मागे किंवा खाली उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं आणि त्यात 6एम, 12एम, 24एम असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने ती वापरायची. कधी उघडली ते आठवत नसेल तर साधारण अंदाज असा धरा की मस्कारा आणि लिक्विड आयलायनर 3 ते 6 महिने, लिक्विड फाउंडेशन आणि कन्सीलर वर्षभर, लिपस्टिक एक-दोन वर्षं आणि पावडरच्या वस्तू दोन वर्षं. लिपस्टिकला जुन्या तेलासारखा वास यायला लागला, फाउंडेशनमधलं तेल वेगळं होऊन वर तरंगतंय आणि हलवूनही मिसळत नाहीये, मस्कारा सुकून गोळे पडायला लागलेत, असं काही दिसलं तर सरळ काढून टाका. डोळ्यांच्या वस्तूंच्या बाबतीत तर अजिबात जीव अडकवू नका, जुन्या मस्काऱ्यात जंतू वाढतात आणि डोळ्याचं इन्फेक्शन फार त्रास देतं. फेकायची नेलपॉलिश मात्र बेसिनमध्ये ओतायची नाही, घातक कचरा जसा वेगळा देतो तशी द्यायची.

जे राहील ते सगळं फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पॅलेट उघडून आतले रंग दिसतील असे. नंतर काही हरवलं किंवा फुटलं तर नुकसान सांगताना हे फोटो लागतात.

मग सगळं पुसून घ्या. चिकट झाकण, सांडलेली पावडर, बाटलीच्या तोंडाशी वाळलेलं फाउंडेशन, हे तसंच राहिलं तर झाकण नीट बसत नाही आणि गळती तिथूनच सुरू होते. प्लास्टिकच्या आणि काचेच्या डब्या पुसायला 70 टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल (त्वचा निर्जंतुक करायला वापरतात ते) टिश्यूवर घेऊन चालतं, पण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे जे स्टँड आणि ड्रॉवर असतात त्यांना अल्कोहोल लावू नका, त्याने बारीक बारीक चिरा पडतात आणि ते कायमचे धुरकट दिसतात. त्यांना साधं साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे.

ब्रश सगळ्यात आधी धुवा

याला वेळ लागतो म्हणून वेगळं सांगते. ब्रश शिफ्टिंगच्या दोन-तीन दिवस तरी आधी धुवायचे, कारण मोठा पावडर ब्रश बाहेरून कोरडा वाटला तरी आत मुळाशी ओला असतो आणि तसाच डब्यात बंद झाला तर बुरशी धरतो, वास येतो. धुतल्यावर आडवे किंवा केस खाली करून वाळवा, केस वर करून उभे ठेवले की पाणी दांड्याकडच्या धातूच्या भागात उतरतं, तिथला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात. पूर्ण वाळले की केसांवर जाळी चढवा, जाळी नसेल तर थोडा जाड कागद गुंडाळून चिकटपट्टी लावा, मात्र ती कागदाला, केसांना नाही. मग सगळे टॉवेलमध्ये गुंडाळून एखाद्या लांबट डब्यात. स्पंज जुने झाले असतील तर टाकून द्या, नवीन घरी नवीन घ्या, ओला स्पंज झिपलॉकमध्ये घालण्याइतकं वाईट काही नाही.

पावडर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कॉम्पॅक्ट, ब्लश, हायलायटर, आयशॅडो पॅलेट ह्या सगळ्या वस्तू म्हणजे दाबून बसवलेली पावडर. तिला एकत्र धरून ठेवणारं तेल किंवा बाइंडर अगदी थोडं असतं, त्यामुळे वजनाने जेवढी ती बिघडत नाही तेवढी आदळण्याने बिघडते. खोका उंचावरून टेकवला, गाडी खड्ड्यातून गेली, की आधी कोपऱ्याला बारीक भेग पडते आणि मग पुढच्या धक्क्याला तो तुकडा सुटून आतल्या आत फिरत राहतो आणि बाकीची पावडरही खरवडून काढतो. म्हणून आपलं काम एवढंच की पावडर आणि झाकण यांच्यात जी रिकामी जागा आहे ती मऊ वस्तूने भरून काढायची.

कॉटन पॅड घ्या आणि पावडरवर ठेवून झाकण लावून बघा. झाकण जोर न लावता बंद झालं पाहिजे. जोर लागतोय, तर पॅड जाड झालाय, कडेने नखाने सोडवून त्याचे दोन पातळ थर करा आणि एकच ठेवा. झाकण अगदीच सैल वाटतंय तर दोन पॅड. मोठ्या पॅलेटला पॅड पुरत नाहीत, तिथे टिश्यूची दुपदरी घडी पॅलेटच्या मापाची कापून ठेवायची, याने एका रंगाची पावडर दुसऱ्यावर सांडत नाही आणि आरसाही वाचतो. भाजून तयार केलेल्या, मधे फुगीर असलेल्या ज्या पावडरी असतात त्यांना मधोमध पॅड दाबू नका, फुगीर भागावरच दाब येऊन चीर जाते, त्यांच्या कडेने टिश्यूची गुंडाळी बसवा. नंतर प्रत्येक डबीला एक रबरबँड, म्हणजे वाटेत झाकण उघडणार नाही, आणि वरून बबल रॅप.

आता ह्या आडव्या एकावर एक रचायच्या की उभ्या? माझं मत उभ्याच, पुस्तकं जशी शेल्फमध्ये लावतो तशा, एकमेकींना टेकून घट्ट. आडव्या रचल्या की वरच्यांचं सगळं वजन खालच्या पॅलेटच्या आरशावर येतं.

सुटी पावडर असते तिची गोष्ट वेगळी, ती फुटत नाही, पण जाळीतून उधळते. आतल्या जाळीच्या भोकांवर चिकटपट्टी लावा, काढायला सोपं जावं म्हणून पट्टीचं एक टोक दुमडून ठेवा, झाकण घट्ट लावा आणि डबी झिपलॉकमध्ये टाका. ही उभीच न्यायची.

बाटल्या आणि ट्यूब

फाउंडेशन, प्रायमर, सीरम, लिपग्लॉस, जे जे ओतता येतं ते. बाटलीचं झाकण काढा, तोंड पुसा, त्यावर क्लिंग रॅपचा, म्हणजे अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा, चौकोनी तुकडा ठेवा आणि त्याच्यावरूनच झाकण फिरवून बंद करा, म्हणजे तो तुकडा आट्यांमध्ये घट्ट बसतो आणि बाटली आडवी झाली तरी थेंब बाहेर येत नाही. पंपवाली बाटली असेल तर पंप फिरवून लॉक होतो का बघा, होत नसेल तर पंपाच्या मानेत जाड पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे वरून दाब आला तरी तो दबणार नाही. ट्यूबमधली हवा दाबून काढून मगच झाकण लावा. नंतर प्रत्येक काचेची बाटली एकेका मोज्यात, मग झिपलॉकमध्ये, आणि उभी. एका झिपलॉकमध्ये तीन-चारपेक्षा जास्त नकोत, कारण एक गळली तर सगळ्याच माखतात.

लिपस्टिक आणि मेणाच्या वस्तू

लिपस्टिक पूर्ण खाली फिरवून टोपण लावा, टोपण सैल असेल तर पट्टी मारा. हिचा खरा शत्रू ऊन. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण लिपस्टिकमध्ये तेलही भरपूर असतं त्यामुळे ती त्याच्या बरीच आधी मऊ पडते, आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून सहज 50 अंशांच्या वर जाते. म्हणून लिपस्टिक, लिपबाम, स्टिक फाउंडेशन, क्रीम ब्लश, काजळ पेन्सिली हे सगळं ट्रकमध्ये देऊच नका. जेवण गरम-गार ठेवायच्या ज्या जाड अस्तराच्या पिशव्या असतात तिच्यात भरा, कापडात गुंडाळलेला आइस पॅक बाजूला ठेवा आणि पिशवी स्वतःजवळ ठेवा. त्यात पावडर मात्र घालू नका, आइस पॅकला पाणी सुटतं आणि पावडर ओलसर झाली की बिघडली. पेन्सिलींना टोपण घाला, टोपण हरवलेल्या पेन्सिलीच्या टोकाला टिश्यू गुंडाळून पट्टी लावा.

नेलपॉलिश, रिमूव्हर, परफ्युम, स्प्रे

नेलपॉलिशमध्ये इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारखे लगेच पेट घेणारे द्रव असतात, रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं, परफ्युममध्ये बराचसा भाग अल्कोहोलच, आणि हेअरस्प्रे, ड्राय शाम्पू यांचे डबे तर दाबाखाली भरलेले असतात, त्यांच्यावर 50 अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलंच असतं. बऱ्याच शिफ्टिंग कंपन्या हे सामान घेत नाहीत, त्यामुळे बुकिंग करतानाच विचारून घ्या आणि लपवून तर मुळीच टाकू नका, बंद तापलेल्या ट्रकमध्ये हे धोक्याचं आहे. अर्धी बाटली रिमूव्हर नेण्यापेक्षा इथेच संपवलेली बरी. नेलपॉलिशच्या बाटल्या उभ्या, मधे पुठ्ठ्याचे खण असलेल्या डब्यात, आणि तो डबा आधी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत. परफ्युम मूळ खोक्यात असेल तर उत्तम, प्रकाशापासूनही वाचतो.

विमानाने जाणार असाल तर बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत प्रत्येक द्रव 100 मिलीच्या आतल्या बाटलीत लागतो, आणि चेक-इन सामानात परफ्युम, नेलपॉलिश, स्प्रे असं सगळं मिळून माणशी 2 लिटर किंवा 2 किलो, त्यातला एकेक डबा 500 मिली किंवा अर्ध्या किलोपर्यंत. विमानात दाब बदलतो म्हणून वर सांगितलेली क्लिंग रॅपची युक्ती इथे दुपटीने कामाची.

खोका भरणं

खोका छोटा घ्या. मोठा खोका घेतला की तो भरायच्या नादात आपण वजन वाढवतो, आणि जड खोका लोक आदळूनच ठेवतात. तळाला चार-पाच सेंटिमीटर चुरगळलेला कागद किंवा टॉवेल, मग सामान, मग प्रत्येक फट भरायची. वर्तमानपत्र नको, शाई लागते. बंद करायच्या आधी खोका हलकेच हलवून बघा, आत काही सरकल्याचा आवाज आला तर अजून भरा. अ‍ॅक्रिलिकचे ड्रॉवर भरलेलेच गुंडाळून नेऊ नका, आतल्या वस्तू एकमेकींवर आपटतात आणि अ‍ॅक्रिलिकला ओरखडे येतात ते वेगळेच, रिकामे करून मऊ कपड्यात गुंडाळा. खोक्यावर चारी बाजूंनी नाजूक असं लिहा आणि वरची बाजू बाणाने दाखवा, आत काय आहे ते मात्र बाहेर लिहायची गरज नाही, फक्त नंबर टाका आणि यादी फोनमध्ये ठेवा. शक्य असेल तर पावडरचा खोकाही स्वतःच्या गाडीत, सीटच्या पुढे पाय ठेवतो तिथे जमिनीवर, तिथे तो हलत नाही आणि ऊनही कमी लागतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांचं एक वेगळं पाऊच करा: सनस्क्रीन, मॉइश्चरायझर, रोजची लिपस्टिक, काजळ, एक ब्रश, मेकअप काढायचं क्लेन्झर. ते कुठल्याच खोक्यात जाऊ देऊ नका.

नवीन घरी उघडताना

खोके आल्या आल्या उघडून वस्तू वापरू नका, काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लिपस्टिक मऊ वाटली तर टोपण न काढता उभी फ्रीजमध्ये ठेवा, घट्ट झाल्यावरच उघडा. त्यावर तेलाचे थेंब आले असतील तर घाबरू नका, उष्णतेने तेल बाहेर येतं, टिश्यूने टिपून घ्या.

पावडर फुटली असेल तर ती वाचवता येते. अर्धवट फुटलेली असली तरी सगळी बारीक करायची, त्यात रबिंग अल्कोहोल थेंब थेंब घालत घट्ट पेस्ट करायची, चमच्याच्या पाठीने सारखी करायची, वर टिश्यू ठेवून सपाट तळाच्या वस्तूने दाबायची, टिश्यू काढून डबी रात्रभर उघडी ठेवायची, गॅस किंवा मेणबत्तीपासून लांब. वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. चमकवाल्या शेडची चमक थोडी कमी वाटू शकते पण रंग वाया जात नाही. फक्त एक, पॅलेटचा आरसा किंवा शेजारची बाटली फुटून काच त्यात पडली असेल तर कितीही महागाची असली तरी ती टाकून द्या, काचेचे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते तुम्ही पापणीवर घासणार आहात.

नेलपॉलिश घट्ट वाटली तर बाटली दोन्ही तळहातांमध्ये फिरवा, तरी नाही जमलं तर नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब. रिमूव्हर घालू नका, त्याने ती पातळ दिसते पण नखावर नीट बसत नाही.