दोन कर्व्ह, एकच फिट: डोस-रिस्पॉन्समधून औषधाचा परिणाम काढताना

गिनीपिगच्या आतड्याची पट्टी ऑर्गन बाथमध्ये (टिश्यू जिवंत ठेवणाऱ्या द्रवाच्या भांड्यात) टांगलेली आहे. आधी आतडं आकुंचित करणाऱ्या नुसत्या ॲसिटिलकोलीनचा डोस-रिस्पॉन्स, म्हणजे वाढत्या डोसला मिळणारा प्रतिसाद, घेतला, मग त्याला अडवणारं १० नॅनोमोलर ॲट्रोपीन घालून अर्धा तास थांबून तोच पुन्हा घेतला. आता ॲट्रोपीनचा परिणाम आकड्यात सांगायचा आहे. नवे विद्यार्थी दोन्ही कर्व्ह वेगवेगळे फिट करतात (बिंदूंवर समीकरण बसवतात) आणि ईसी५० ची, म्हणजे निम्मा प्रतिसाद देणाऱ्या मात्रेची, तुलना करतात. गडबड इथेच होते.

ॲट्रोपीनमुळे कर्व्ह उजवीकडे सरकतो आणि बऱ्याचदा सर्वांत मोठ्या डोसलाही सपाट होत नाही. मग सॉफ्टवेअरला माथा (कमाल प्रतिसाद) कुठे आहे हे कळायला काही आधारच उरत नाही. ते माथा १४० टक्क्यांवर नेऊन ठेवतं आणि त्याच्यासोबत ईसी५० सुद्धा वर ओढली जाते.

ग्लोबल फिटमध्ये दोन्ही डेटासेट एकाच वेळी घालायचे. तळ, माथा आणि उतार दोघांना सामाईक ठेवायचे. समीकरण असं लिहा:

प्रतिसाद = तळ + (माथा − तळ) ÷ (१ + १०^((लॉगईसी५० + स × ग − लॉगमात्रा) × उतार))

‘ग’ कंट्रोलला ०, ॲट्रोपीनला १. ‘स’ म्हणजे कर्व्ह लॉग स्केलवर किती सरकला ते. तुम्हाला हवा असलेला परिणाम हाच, आणि तो थेट पॅरामीटर असल्यामुळे त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (अनिश्चिततेच्या मर्यादा) फिटमधूनच मिळतो. प्रिझम या सॉफ्टवेअरमध्ये सामाईक पॅरामीटरना ‘शेअर’ लावता येतं. आर या संगणक भाषेत एनएलएस हे कर्व्ह फिट करणारं फंक्शन वापरून वरचं समीकरण जसंच्या तसं लिहिता येतं. सुरुवातीच्या किमती मात्र आलेख बघून स्वतः द्या: अर्ध्या उंचीवरची मात्रा, उतार १, सरक ०.५. उताराचं चिन्ह उलटं पडलं की फिट भलतीकडेच जातो.

सगळं लॉगमध्येच ठेवा. ईसी५० ची अनिश्चितता लॉग स्केलवर साधारण सममित असते, साध्या स्केलवर नसते. शून्य मात्रेचा लॉग निघत नाही, म्हणून बेसलाइनसाठी सर्वांत लहान डोसच्या १०० पट खालची मात्रा धरतात.

सामाईक माथा हे गृहीतक आहे, ते तपासायलाच हवं. समजा ४२ बिंदू आहेत. सामाईक मॉडेलचे ५ पॅरामीटर, वर्गबेरीज (बिंदू आणि कर्व्ह यांच्यातल्या फरकांच्या वर्गांची बेरीज) ११२०. दोन्ही कर्व्ह वेगळे फिट करणाऱ्या सुट्या मॉडेलचे ८, वर्गबेरीज १०००. दोन मॉडेलची तुलना करणारा आकडा एफ = (१२० ÷ ३) ÷ (१००० ÷ ३४) = १.३६. पाच टक्क्यांची सीमा २.८८ च्या आसपास, एफ तिच्या खाली आहे, तेव्हा सामाईक मॉडेल चालेल. पण नुसत्या एफ वर विसंबू नका, रेसिड्यूअल (बिंदू आणि कर्व्हमधले फरक) डोळ्यांनी बघा: एका गटाचे वरचे बिंदू सलग रेषेखाली असतील तर माथा खरोखरच खाली आलाय. फिनॉक्सिबेन्झामीनसारख्या रिसेप्टरला कायमचं चिकटणाऱ्या औषधात माथा खाली येऊ शकतो. तिथे तो सामाईक धरणं म्हणजे औषधाचा परिणामच पुसून टाकणं. प्रत्येक कर्व्ह त्याच्याच माथ्याला १०० टक्के धरून नॉर्मलाइज केला तरी हेच होतं. नॉर्मलाइज करताना कंट्रोलचाच माथा दोघांसाठी १०० टक्के धरा.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. एकाच प्राण्याच्या पट्टीवरचे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, पण फिटला ते स्वतंत्र वाटतात आणि इंटरव्हल खोटा अरुंद येतो. म्हणून प्रत्येक प्राण्याचा ग्लोबल फिट वेगळा करा आणि पाच प्राण्यांच्या पाच ‘स’ घ्या. समजा त्या ०.९२, १.०५, ०.९७, १.१० आणि ०.९६ आल्या. सरासरी १.००, प्रमाण विचलन ०.०७३, सरासरीची प्रमाण त्रुटी ०.०३३, पाच आकड्यांसाठीचा टी २.७७६ धरून ९५ टक्के इंटरव्हल ०.९१ ते १.०९. म्हणजे डोस रेशो (ईसी५० किती पट झाली ते, १०^स) १०, मर्यादा सुमारे ८.१ ते १२.३. पीकेबी (औषध रिसेप्टरला किती घट्ट चिकटतं त्याचं माप) = लॉग(१० − १) + ८ = ८.९५; इथे ८ हा १० नॅनोमोलरचा उणे लॉग आहे, ॲट्रोपीनसाठी हा आकडा ओळखीचा आहे. शिल्ड प्लॉटचा (लॉग(डोस रेशो − १) विरुद्ध लॉग ॲट्रोपीन मात्रा या आलेखाचा) उतार १ आहे का हे बघायला मात्र ॲट्रोपीनच्या किमान तीन मात्रा लागतात.

आणि एक पट्टी औषधाविना ठेवून तिच्यावरही दुसरा कर्व्ह घ्या. टिश्यूची संवेदनशीलता तासाभरात आपोआप बदलू शकते. ती सरक ०.१५ निघाली तर ॲट्रोपीनच्या सरकेतून ती वजा करायची, मगच डोस रेशो काढायचा.