टर्बो की सुपरचार्जर? विदर्भाच्या उन्हात चालणाऱ्या गाडीसाठी निवड कशी करावी

गावाकडे गाडी घेताना आधी ॲव्हरेज विचारतात, मग सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते. आता तिसरा प्रश्नही ऐकू येतो: टर्बो घ्यावी का? ज्यांच्या दारात साधी पेट्रोल गाडी उभी आहे आणि पिकअप कमी पडतो म्हणून जे वैतागलेत, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. बाहेरून टर्बो बसवावा की सुपरचार्जर? या दोन्ही प्रश्नांचा निकाल नुसत्या अश्वशक्तीच्या आकड्यांवर लावू नका. आपल्याकडचं ऊन, धूळ आणि दुरुस्तीची सोय बघून लावा. तो कसा लावायचा ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी दोघं काय करतात ते बघा

इंजिन जेवढी हवा आत घेतं, तेवढ्याच हिशेबात त्याला पेट्रोल जाळता येतं. हवा दाबून भरली की पेट्रोलही जास्त जळतं आणि त्याच इंजिनमधून जास्त ताकद निघते. हवा दाबायचं काम टर्बोही करतो आणि सुपरचार्जरही. फरक आहे तो कशाच्या जोरावर फिरतो याचा.

सुपरचार्जर क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. इंजिन फिरलं की तोही फिरतो, त्यामुळे ॲक्सिलेटर दाबल्या दाबल्या गाडी उचल घेते. पण त्याला फिरवायची ताकद इंजिनलाच द्यावी लागते, आणि तिथे पेट्रोल खर्ची पडतं. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूवर. एका दांडीच्या एका टोकाला वायूने फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक. ही दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तीही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. वाया जाणारा वायू कामी येतो म्हणून टर्बो ॲव्हरेजला बरा. मात्र वायूचा जोर वाढेपर्यंत थोडा वेळ जातो, त्याला लॅग म्हणतात.

तंत्र जुनंच आहे. आल्फ्रेड ब्यूची या स्विस अभियंत्याने टर्बोचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. आपल्याकडे ट्रक आणि हार्वेस्टर चालवणाऱ्यांना टर्बो कधीचा ठाऊक आहे. तुमची गाडी अलीकडची डिझेल असेल तर तिच्यात तो बहुधा आधीच बसवलेला आहे. तुम्ही थेट जुन्या गाडीच्या तपासणीच्या भागाकडे जा.

पहिली पायरी: कायदा

हे आधी सांगतो, कारण अनेक जण पैसे खर्च झाल्यावर विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर दावा अडकतो. गाडीत तुमच्यासोबत घरची माणसं बसतात, त्यामुळे ही बाजू मला सगळ्यात गंभीर वाटते.

म्हणून माझं स्पष्ट मत: रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला बाहेरून काहीही बसवू नका. जास्त ताकद हवी असेल तर कंपनीनेच टर्बो दिलेली गाडी घ्या. सुपरचार्जर असलेली साधी, परवडणारी गाडी आपल्या बाजारात मिळत नाही. मिळाल्या तर मर्सिडीजच्या जुन्या कॉम्प्रेसर मॉडेलसारख्या महागड्या गाड्या, आणि त्यांचा एक सुटा भाग मागवायला निघालात तर नागपूरच्याही पुढे जावं लागेल. फक्त ट्रॅकवर चालवायची गाडी बांधणार असाल तर गोष्ट निराळी, तिच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

दुसरी पायरी: उन्हाचा हिशेब

पुण्या-बंगळुरूकडच्या माणसाने दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो इथे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपा सुरू झाला की दुपारी बोनेटला हात लावता येत नाही. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, म्हणजे कोणतंही इंजिन तेवढं मार खाऊनच सुरुवात करतं.

खरा त्रास त्यानंतरचा. सायकलीत हवा भरताना पंपाची नळी तापते, तसंच इथे होतं: हवा दाबली की तापते. साध्या पेट्रोल इंजिनवर अर्धा बार जास्तीचा दाब धरा (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेएवढा दाब). कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारा भाग, ७० टक्के कार्यक्षम असेल, तर १५ अंशांची हिवाळी हवा साधारण ६५ अंशांवर बाहेर पडते. तीच मे महिन्यातली ४५ अंशांची हवा १०० अंशांवर जाते. जुन्या धाटणीचा रूट्स सुपरचार्जर हवा आत दाबत नाही, नुसती ढकलतो. त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आसपास धरली, तर हाच आकडा १२० च्या पुढे जातो. एवढी तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की ठिणगी पडून नीट जळण्याऐवजी पेट्रोलचं मिश्रण आपोआप भडकतं. इंजिन ठोकायला लागतं. हे ठोकणं थोडा वेळ चाललं तरी पिस्टनच्या कडा फुटतात, रिंगा जातात.

यावर इलाज इंटरकूलर. दाबलेली हवा इंजिनमध्ये जाण्याआधी तो थंड करतो. टर्बोच्या गाडीत तो बहुतेक वेळा समोर, रेडिएटरजवळ असतो आणि वाऱ्यावर चालतो. रूट्स किंवा स्क्रू जातीचा सुपरचार्जर इंजिनच्या डोक्यावरच बसतो, त्यामुळे त्याला बहुधा पाण्यावर चालणारा इंटरकूलर, वेगळा पंप आणि आणखी एक छोटा रेडिएटर लागतो. बिघडण्यासारख्या तीन वस्तू वाढल्या.

सुपरचार्जरची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. टर्बोचं टर्बाइनकडचं, म्हणजे वायूने फिरणाऱ्या चाकाकडचं घर पेट्रोल गाडीत ८००-९०० अंशांच्या वायूने तापतं आणि बोनेटखालचं सगळं वातावरण भट्टीसारखं करतं. सुपरचार्जरला ही आग नाही. तरीही एकूण हिशेबात, उष्णतेच्या बाबतीत चांगला इंटरकूलर असलेला छोटा टर्बोच मला आपल्याकडे योग्य वाटतो.

तिसरी पायरी: तुमचा रस्ता कोणता

आठवडाभर गाडी कुठे कुठे गेली ते एका कागदावर लिहा. गाव ते तालुका, पांदण रस्त्याने शेत, महिन्यातून एकदा समृद्धीने नागपूर किंवा संभाजीनगर. ताकद नेमकी कुठे कमी पडते, तेही लिहा.

बहुतेकांचं उत्तर एकच निघतं: एसी चालू, गाडीत चार-पाच माणसं, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे टाकायचं आणि गाडी ओढत नाही. म्हणजे ताकद हवी आहे कमी आरपीएमला. इथे सुपरचार्जरचे चाहते सांगतात की लॅगमुळे टर्बो मार खातो. मोठा टर्बो बाहेरून बसवला तर हे खरं. कंपनीच्या छोट्या टर्बोबद्दल खरं नाही. मारुतीच्या फ्राँक्सचंच बघा. तिच्या साध्या १.२ लिटर इंजिनचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, तोही ४,४०० आरपीएमला. त्याच गाडीच्या १ लिटर टर्बो इंजिनचा टॉर्क १४७.६ न्यूटन-मीटर, आणि तो २,००० पासून ४,५०० पर्यंत टिकतो. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना तुम्ही असता ते याच पट्ट्यात.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे बारा टक्के कमी असतो. साधं इंजिन तेवढं ढिलं पडतं. सुपरचार्जरचे फेरे पुलीने बांधलेले असल्याने तोही ढिला पडतो. टर्बोचा दाब वेस्टगेट (जास्तीचा वायू बाजूने सोडणारी झडप) सांभाळतं, त्यामुळे तो थोडा जोरात फिरून कमतरता बरीचशी भरून काढतो.

आणि ज्यांची गाडी फक्त गाव ते तालुका, चाळीस-पन्नासच्या वेगाने चालते, त्यांनी टर्बोवर जास्तीचे पैसे घालूच नयेत. ते पैसे चांगल्या टायरवर घाला.

चौथी पायरी: धूळ आणि मेकॅनिक

कापसाच्या हंगामात यवतमाळ-वर्ध्याकडच्या एखाद्या जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर उघडून बघा. घड्यांमध्ये काळ्या मातीची भुकटी आणि वर सरकीच्या तंतूंचा पांढरट थर बसलेला दिसेल, बोटाने ओढला तर अख्खा निघून येतो. फिल्टर असा चोंदला की टर्बोला हवा ओढायला जोर लावावा लागतो. फाटला तर मातीचे कण थेट त्या लाखभर फेऱ्यांच्या चाकावर आदळतात. कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच फिल्टर बदला. बोनेटखाली उघडा बसवायचे दिखाऊ फिल्टर लावू नका. ते इंजिनचीच गरम हवा ओढतात. इंटरकूलरच्या जाळीतही हेच तंतू अडकतात. नळीच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेला तर पाती वाकतात.

आता जवळच्या मेकॅनिककडे जा आणि तीन गोष्टी विचारा. टर्बो गाडीचं काम करतो का? स्कॅनर आहे का? त्या मॉडेलचा टर्बो बिघडला तर दुरुस्ती कुठे होते? तालुक्याच्या ठिकाणी टर्बो खोललेला माणूस सापडतो, कारण डिझेल गाड्यांनी तो शिकवला आहे. सुपरचार्जर खोललेला माणूस शोधून बघा. हा एकच मुद्दा माझ्यासाठी निकाल लावायला पुरेसा आहे.

जुनी टर्बो गाडी घेताना

गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. सुरू करून दोन-तीन मिनिटं तशीच चालू द्या, मग एकदा रेस द्या. मागून निळसर धूर आला तर टर्बोचं सील किंवा इंजिनच्या रिंगा तेल पितात.

मग गाडी बंद करून, सगळं थंड झाल्यावर, टर्बोकडे हवा नेणारा रबरी पाइप मेकॅनिककडून काढून घ्या. आत छोटं ॲल्युमिनियमचं चाक दिसेल. त्याच्या मधल्या नटाला दोन बोटांत धरा. वर-खाली किंचित हलणं चालतं, कारण तेल नसताना दांडी थोडी सैल असतेच. पण आत-बाहेर, म्हणजे दांडीच्या दिशेने, हालचाल हाताला जाणवली तर बेअरिंग गेलं. चाक बोटाने फिरवा, ते कुठेही घासता कामा नये. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या तर आत माती गेली आहे. पाइपमध्ये तेलाचा हलका ओलावा चालतो. तेल साचलेलं असेल तर गाडी सोडून द्या.

चालवताना रेस दिल्यावर बारीक शिटी येणं ठीक. सायरनसारखा वाढत जाणारा आवाज ठीक नाही. शेवटी ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. ऑइल वेळेवर न बदललेली टर्बो गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका.

ट्रॅकसाठी बांधायचीच असेल तर

कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ट्रेलरने न्यायची गाडी असेल, तर निवड थोडी मोकळी होते. आधी इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट करा. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिनचं काम काढा. आजची साधी पेट्रोल इंजिनं मुळातच चढ्या कॉम्प्रेशनची असतात, म्हणून दाब अर्ध्या बारच्या खालीच ठेवा आणि जास्त ऑक्टेनचं पेट्रोल वापरा. पट्ट्याला सरळ वाट आणि बोनेटखाली जागा असेल, तर सुपरचार्जर बसवायला सोपा पडतो: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलावं लागत नाही. टर्बोला मॅनिफोल्ड, ऑइलची येणारी-जाणारी नळी आणि उष्णतेपासून आड हवी. टर्बोतून परतणारी ऑइलची नळी जाड आणि उताराची ठेवा, नाहीतर तेल सीलमधून बाहेर येतं. दोन्हींमध्ये मोठे इंजेक्टर आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) केलेलं ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाचं, ट्यूनिंग लागतंच. ट्यूनिंगच्या पैशांत काटकसर करणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये.

टेस्ट ड्राइव्ह आणि नंतरची सवय

शोरूमवाले सकाळी बोलावतात. तुम्ही दुपारी दोनला जा, घरची चार माणसं घेऊन, एसी पूर्ण लावून. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून सत्तरपर्यंत गाडी कशी जाते ते बघा, शून्य ते शंभरचा आकडा विसरा.

गाडी घेतल्यावर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा. सकाळी सुरू केल्याबरोबर रेस देऊ नका. तेल टर्बोपर्यंत पोहोचू द्या. समृद्धीवर तासभर १२० ने चालवून खाली उतरलात, तर थांबण्याआधीचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, नाहीतर उभं राहून मिनिटभर इंजिन चालू ठेवा. एकदम बंद केलं तर तापलेल्या दांडीवरचं तेल तिथेच जळून कोळसा होतं आणि नळी चोंदते. आणि अशी तापलेली गाडी धुऱ्यावरच्या वाळलेल्या गवतावर, कुटारावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ कधीच उभी करू नका. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) गवत पेटवण्याइतका गरम असतो. डांबरावर लावा, नाहीतर मोकळ्या मातीवर.