गीझर काढून हीट पंप: वसतिगृहाचा बचतीचा हिशेब

हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र. त्याच्या कोटेशनवर ‘७५ टक्के बचत’ छापलेलं असतं. ते बाजूला ठेवा. बादली, थर्मामीटर आणि वीजबिल घेऊन बसा.

एका युनिटमध्ये ८६० लिटर पाणी एक अंशाने तापतं. म्हणून युनिट = लिटर × तापमानातली वाढ ÷ ८६०. समजा, पुण्यात ६० मुलांचं वसतिगृह आहे. मुलामागे दीड बादली, म्हणजे ३० लिटर, ४० अंशांचं पाणी. रोजचे १,८०० लिटर. टाकीच्या पाण्याचं तापमान सकाळी सहाला, नळ थोडा वेळ सोडून घ्या. थंडीत २०, पावसाळ्यात २४, उन्हाळ्यात २८ अंश धरले तर अनुक्रमे ४२, ३३.५ आणि २५ युनिट. सरासरी ३३.५. बरेच जण थंडीचाच आकडा ३६५ ने गुणतात आणि तिथेच फसतात.

गीझर बाथरूममध्येच असतो. त्यातली उष्णतेची गळती १० टक्के धरा, म्हणजे रोज ३७ युनिट. हीट पंपाची टाकी गच्चीवर, पाइप लांब. गळती २५ टक्के. ४२ युनिट उष्णता, भागिले सीओपी (एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णता) ३, म्हणजे १४. पाणी फिरवणाऱ्या पंपाचं एक धरून १५. रोज वाचले २२. सीओपी ३ म्हटल्यावर दोनतृतीयांश बचत वाटते, पदरात पडते ५९ टक्के. वसतिगृह २८० दिवस चालू असेल तर ६,१६० युनिट.

आता दर. एकूण बिलाला युनिटने भागू नका. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क एवढंच घ्या. स्थिर आकार सहसा तसाच राहतो. मंजूर भार अर्ज करून कमी करून घेतलात तर तो उतरू शकतो. हे सगळं मिळून ११ रुपये आले, तर वर्षाला सुमारे ६८,००० रुपये. घरगुती जोडणी असेल तर बचत सगळ्यात वरच्या स्लॅबमधून होते, तो दर लावा. गच्चीवर सोलर वॉटर हीटर आधीच असेल, तर फक्त त्याचा विजेवरचा बॅकअप चालतो ते दिवस मोजा. मग हा आकडा पार आक्रसतो.

सीओपी कॅटलॉगमधून उचलू नका. तो सोयीच्या हवामानातला असतो. पहाटेच्या गारठ्यात तो पडतो, आणि ५० ऐवजी ६० अंशांवर सेटिंग ठेवलं तरी पडतो. यंत्र बंद खोलीत किंवा भिंतीला चिकटून बसवलं, की स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतं. बोअरचं जड पाणी असेल तर आत क्षार धरतो आणि उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. पण सगळ्यात जास्त पैसे खातो टाकीतला, गीझरसारखा थेट विजेवर चालणारा बॅकअप हीटर. टाकी लहान पडली की सकाळच्या गर्दीत तो लागतो, आणि त्याचा सीओपी फक्त १.

बसवताना हीट पंप, बॅकअप हीटर आणि फिरता पंप यांना मिळून एक सबमीटर लावा, हीट पंपाच्या टाकीत जाणाऱ्या थंड पाण्याच्या पाइपवर पाणीमीटर. आठवडाभराचे लिटर × गरम नळ आणि थंड नळ यांच्यातला फरक ÷ ८६०, त्याला सबमीटरच्या युनिटने भागा. वरच्या हिशेबात हा आकडा २.२ येतो (३३.५ ÷ १५). १.५ च्या आसपास दिसला तर आधी बॅकअप हीटरचा थर्मोस्टॅट तपासा, मग पाइपचं इन्सुलेशन.