१२४० हा आकडा सगळीकडे घुसवू नका

बारावीच्या वहीच्या पहिल्याच पानावर मी लाल पेनानं चौकट आखून एक आकडा लिहिला होता: १२४०. क्लासच्या फिजिक्सच्या सरांनी दिलेला. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्या, तिनं १२४० ला भागा, त्याच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा ईव्हीमध्ये (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं छोटं एकक) हजर. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश म्हणजे ३.१ ईव्ही. सोडियमचं वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण २.३ धरलं की स्टॉपिंग पोटेन्शियल (ते इलेक्ट्रॉन थोपवणारं व्होल्टेज) ०.८ व्होल्ट. दहा सेकंदांत गणित बाहेर! क्वांटमला लोक उगाच घाबरतात, असं तेव्हा मी मित्रांना सांगत फिरायचो.

मग सराव परीक्षेत प्रश्न आला: १०० ईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी (कण तरंगासारखा वागतो तेव्हाची तरंगलांबी) किती? मी १२४० ला १०० नं भागलं. १२.४ नॅनोमीटर. पर्यायांत ते उत्तर होतंच, डोळे झाकून टिक केलं. खरं उत्तर ०.१२३ नॅनोमीटर. शंभरपटीचा फरक, आणि मला शंकासुद्धा आली नाही. चुकीचं उत्तर पर्यायांत आहे म्हणून बरोबर वाटणं, हा सापळा पेपर काढणारे मुद्दाम लावतात.

आता हे जरा रेंगाळून सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. लॅम्डा, म्हणजे तरंगलांबी, बरोबर एच (प्लांकचा स्थिरांक) भागिले संवेग, हे फोटॉनलाही लागू आणि इलेक्ट्रॉनलाही. घोळ होतो तो ऊर्जेवरून संवेग काढताना. फोटॉनला स्थिर वस्तुमान नाही, त्याची ऊर्जा म्हणजे संवेग गुणिले प्रकाशाचा वेग. १२४० मध्ये तो प्रकाशवेग आधीच बसलेला आहे. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे. त्याची स्थिर ऊर्जा ५ लाख ११ हजार ईव्ही, त्यापुढे आपले १०० ईव्ही म्हणजे किरकोळ. म्हणून तिथे ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले दोन एम (एम म्हणजे वस्तुमान). म्हणजे वर्गमूळ आलं. ऊर्जा चौपट केली तर फोटॉनची तरंगलांबी पाव होते, इलेक्ट्रॉनची निम्मी. हे एक वाक्य पाठ नका करू, एकदा स्वतः मांडून बघा.

पटत नसेल तर डेव्हिसन आणि जर्मर यांचा १९२७ चा प्रयोग घ्या. ५४ व्होल्टनं वेग दिलेले इलेक्ट्रॉन निकेलच्या स्फटिकावर सोडले, विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचं शिखर ५० अंशांवर. निकेलच्या पृष्ठभागावरच्या अणूंच्या ओळींतलं अंतर ०.२१५ नॅनोमीटर. त्याला साईन ५० नं गुणलं की ०.१६५. डी ब्रॉग्लीचं सूत्र देतं ०.१६७. आणि माझ्या लाडक्या १२४० नं? २३ नॅनोमीटर. म्हणजे साईनची किंमत शंभराच्या वर, जी एकाच्या वर जाऊच शकत नाही! तिथे मला स्वतःचीच लाज वाटली.

बरं, एवढ्यानं शहाणा झालो का? नाही. पुढच्याच आठवड्यात १.२२७ भागिले व्होल्टचं वर्गमूळ हे नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी देणारं सूत्र प्रोटॉनला लावलं. ते फक्त इलेक्ट्रॉनचं आहे. प्रोटॉन १८३६ पट जड, म्हणून तेवढ्याच व्होल्टेजला त्याची तरंगलांबी साधारण ४३ पट लहान.

ट्रिक्सच्या झेरॉक्सवर माझा राग आहे तो यासाठी. त्यात सूत्र असतं, पण ते कुणाचं हे नसतं. आणि तासाला चाळीस गणितं फळ्यावर सोडवणारे सर फार हुशार असतील, पण उतरवून घेताना आपला फक्त हात दुखतो आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा कॉलेजच्या एक मॅडम तासाला तीनच गणितं घ्यायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, ‘हे उत्तर शक्य आहे का?’ त्यांच्या तासाला आम्ही दांड्या मारायचो.

वायूंच्या धड्यात त्यांचाच प्रश्न कामी आला. २७ अंश सेल्सिअसला नायट्रोजनच्या रेणूंचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढला, मोलर वस्तुमान २८ ग्रॅमच ठेवलं, उत्तर सेकंदाला १६ मीटर. एसटी याहून जोरात पळते! हवेत आवाजच सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो, तो वाहून नेणारे रेणू त्याहून हळू कसे असतील? ०.०२८ किलो घातलं, ५१७ आलं. तापमान दुप्पट म्हणजे ५४ नव्हे, ३२७ अंश (दुप्पट केल्विनमध्ये करायचं, ३०० चे ६००), हे तुम्हाला माहीत असणारच. तरीही परीक्षेत एकदा चुकणार.

तरंगांत फार काही नाही. बंद नळीचा (एक टोक बंद) पहिला ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुरानंतरचा पहिला सूर, हा तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट), दुसरा नव्हे. आकृती काढा, सुटतं.

मी आता गणिताला हात लावण्याआधी समासात ‘कोण?’ लिहितो. फोटॉन की इलेक्ट्रॉन, बंद नळी की उघडी, मोल की एकच रेणू. वेळ जातो, सुरुवातीला मार्कही जातात. घाबरू नका, सीईटीत फिजिक्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, चुकलं तर वजाबाकी नाही. जेईई देणाऱ्यांनी मात्र हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, तिथे चुकीला मार्क कापतात.

ती वही आता आतेबहिणीकडे आहे. चौकटीशेजारी मी पेन्सिलनं ‘फक्त फोटॉन’ लिहून दिलंय. परवा तिचा फोन आला, ‘दादा, अल्फा कण प्रोटॉनच्या चौपट जड, म्हणून तू तरंगलांबी निम्मी लिहिलीयेस. पण त्याचा भार दुप्पट असतो ना? मग तेवढ्याच व्होल्टला ऊर्जाही दुप्पट मिळेल.’ मी वही नसताना बोटांनी टेबलावर मांडून बघितलं. आठचं वर्गमूळ. तिचं बरोबर होतं.