मॉडिफाय केलेल्या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट थरथरतोय? या चुका टाळा

सस्पेन्शन खाली घेतलं किंवा वर उचललं, इंजिन बदललं, दुसरा गिअरबॉक्स बसवला आणि ठरावीक वेगाला सीटखालून घरघर सुरू झाली, की बहुतेक जण आधी ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद अॅक्सलकडे नेणारी फिरती नळी) उतरवून बॅलन्सिंगला पाठवतात. तो बॅलन्स होऊन येतो, बसतो, आणि घरघर होती तशीच राहते. यात नवल नाही. जुना शाफ्ट तसाच असेल तर त्याचा तोल बदलायला कारणच घडलेलं नसतं. जागा बदललेली असते ती इंजिनाची, गिअरबॉक्सची किंवा अॅक्सलची, म्हणजे संशय आधी शाफ्ट त्यांना ज्या कोनांत जोडला जातो त्या कोनांवर जायला हवा.

थरथर कशाबरोबर वाढते हे न पाहताच पाना उचलणं

गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, ज्या आरपीएमला थरथर येते तिथपर्यंत इंजिन फिरवा. तिथेही थरथर आली तर दोष इंजिन, क्लच किंवा माउंटिंगकडे आहे, शाफ्टला हात लावू नका. नाही आली तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगाला दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवून पाहा. आरपीएम बदलूनही थरथर त्याच वेगाला येत असेल, तर ती गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतच्या भागातली, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल, हब किंवा टायर यांची.

मग अॅक्सलरेटर दाबून, सोडून आणि न्यूट्रलमध्ये गाडी वाहू देऊन फरक पाहा. तिन्ही वेळा सारखीच असेल तर तोल, वाकलेपणा किंवा टायर. लोड बदलला की बदलत असेल तर कोन, यू-जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) झिजलेला क्रॉस (त्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) किंवा ढिले बुश (रबरी आधार).

आता थोडं गणित, कारण यात अर्धं निदान आहे. टायरचा घेर २ मीटर धरला, तर ताशी १०० किमीला चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेतं. फायनल ड्राइव्हचं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ४ असेल तर शाफ्ट सुमारे ५६ फेरे. आणि यू-जॉइंटचा कोन चुकला असेल तर धक्का प्रत्येक फेऱ्याला दोनदा बसतो, म्हणजे सुमारे १११ वेळा. मोबाइलवर कंपन मोजणारी अॅप मिळतात. फोन सीटच्या रेलवर घट्ट बसवा आणि त्या वेगाला सेकंदाला किती कंपनांचा आकडा वर येतो ते बघा. १४ च्या आसपास आला तर शाफ्ट विसरा. नवे रिम हबवर नीट मध्यभागी बसलेत का ते तपासा. रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असणं हा आफ्टरमार्केट रिमचा नेहमीचा घोटाळा. आकडे अर्थात तुमच्या टायरचे आणि तुमच्या फायनल ड्राइव्हचे घ्यायचे.

अॅक्सल लटकत असताना कोन मोजणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. जॅक चासीला लावून गाडी उचलली की अॅक्सल खाली लोंबतो आणि पिनियनचा (शाफ्ट अॅक्सलमध्ये ज्या गिअरला जोडलेला असतो त्याचा) कोन रस्त्यावर असतो तसा राहतच नाही. मोजमाप चाकांवर पूर्ण वजन असताना, रॅम्पवर किंवा चाकांखालून उचलणाऱ्या लिफ्टवरच घ्या. अधांतरी अॅक्सलवर इंजिन चालू करून शाफ्ट फिरताना बघण्याची हौस तर टाळाच: कोन खोटे दिसतात, आणि गाडी स्टँडवरून निसटली तर खाली माणूस असतो.

डिजिटल अँगल मीटरने तीन आकडे घ्या: गिअरबॉक्सच्या आउटपुटचा, शाफ्टच्या नळीचा आणि पिनियनचा. जमीन थोडी कलती असली तरी चालतं, कारण कामाचे असतात ते फरक. समजा आउटपुट मागे ४ अंश खाली झुकलंय, शाफ्ट ६ अंश, पिनियनची रेषा त्याच दिशेला १ अंश. पुढच्या जॉइंटचा कोन झाला २, मागच्याचा ५. हे ३ अंशांचं अंतर घरघर करणारच. पिनियन ४ अंशांवर आणला की दोन्हीकडे २ होतात आणि एका जॉइंटने केलेला वेगाचा चढउतार दुसरा पुसून टाकतो. दोन कोनांतला फरक १ अंशाच्या आत ठेवा.

इंजिन स्वॅपमध्ये इंजिन थोडं डावी-उजवीकडे सरकलं असेल तर बाजूने पाहून मोजलेला कोन अपुरा पडतो. उभा २ आणि आडवा २ अंश मिळून खरा कोन सुमारे २.८ होतो. वरून पाहायला कोणी जात नाही, म्हणून ही चूक दडून राहते.

पिनियन उभ्या गाडीतच अगदी समांतर करून मोकळं होणंही घाईचं. पाट्यांच्या सस्पेन्शनमध्ये जोर लावला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवतात.

दोन्ही कोन समान, म्हणून निश्चिंत होणं

दोन्हीकडे ८-८ अंश असले तरी पिनियन एकसारख्या वेगाने फिरेल, हे खरं. पण मधली नळी तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि सोडते, आणि तिचं वजन तो धक्का गाडीला देतंच. हा त्रास कोन वाढला की झपाट्याने वाढतो, वेग वाढला की आणखीच. वेगाने पळणाऱ्या गाडीत कोन ३ अंशांच्या आत असावेत. उलट ते शून्यही करू नका. जॉइंटमधल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी दबून राहतात आणि क्रॉसवर चरे पडतात. अर्धा ते एक अंश हवाच.

ट्रान्सफर केसकडे (फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ताकद पुढे-मागे वाटणारा भाग) डबल कार्डन जॉइंट, म्हणजे दोन यू-जॉइंट जोडून केलेला सांधा, असलेल्या गाडीला वरचा नियम लावणं ही आणखी एक गल्लत. तिथे पिनियन आउटपुटला समांतर ठेवायचा नसतो, त्याचं तोंड थेट शाफ्टकडे हवं.

खोलताना खुणा न करणं

फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आणि स्प्लाइन (शाफ्टची एकमेकांत सरकणारी दातेरी जोडणी) सोडवण्याआधी पेंटने खूण करा. स्प्लाइन एक-दोन दाते चुकून बसली की दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कोन कितीही अचूक असले तरी चढउतार पुसले जात नाहीत. तीन जॉइंटच्या काही शाफ्टमध्ये कंपनीने योक मुद्दाम वेगळ्या कोनात ठेवलेले असतात, तेव्हा 'सरळ करून टाकू' म्हणण्याआधी मॅन्युअल बघा.

दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून एक लांब नळी टाकणं

सेंटर बेअरिंगची (दोन तुकड्यांमधल्या आधाराची) कटकट जाते, म्हणून हा मोह होतो. पण तीच नळी दुप्पट लांब केली तर ती ज्या वेगाला स्वतःच वाकून झुलायला लागते, तो वेग एक चतुर्थांशावर येतो. एकाच तुकड्यात जायचं तर व्यास वाढवा किंवा हलका अॅल्युमिनियम अथवा कार्बनचा शाफ्ट घ्या, आणि टॉप स्पीडला शाफ्ट किती फिरेल याचा हिशेब बनवणाऱ्याकडून आधी घ्या.

इतकं सगळं तपासून ५६ चा, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्यांचा, आकडा उरलाच, तर मग बॅलन्सिंग. त्याआधीही नळीवर डायल गेज लावून वाकलेपणा बघा, आणि चार बोल्टचा सममित फ्लँज असेल तर शाफ्ट १८० अंश फिरवून बसवून पाहा. थरथर कमी-जास्त झाली तर शाफ्ट आणि फ्लँज दोघांचे दोष एकमेकांत मिसळलेत.

फ्रंट-व्हील ड्राइव्ह उंच केली असेल तर कहाणी वेगळी: सरळ रस्त्यावर जोर लावताच थरथर आणि पाय काढताच शांत, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा तीन रोलरचा सांधा, आतला ट्रायपॉड जॉइंट, बहुधा जास्त कोनात काम करतोय. तिथे उंची थोडी कमी करा किंवा सबफ्रेम खाली घेणारे स्पेसर लावा. नवा जॉइंट टाकून त्याच उंचीवर फिरलात तर तोही थरथरेल.